बिबड्यांची राखण

मे महिन्यात सुट्टी काढून पुण्याहून जळगावला जाणारा माणूस एक तर लग्नाला निघालेला असतो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. माझं दुसरं होतं. रात्री दोनला जाग यायची आणि न पाठवलेल्या मेलमधली वाक्यं आठवायची. सगळे रिपोर्ट चांगले आले, त्यानं तर उलट हिरमोडच झाला. 'बर्नआउट' हा शब्द डॉक्टरांकडून ऐकला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, पण आजार म्हणून नाही, कामापायी येणारी अवस्था म्हणून. सतत थकवा, कामाचा वीट आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. तिन्ही खुणा जुळल्या. गाडीचं तिकीट काढलं.

घरी बिबड्यांची धांदल. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, असं बाहेरच्यांना सांगतो खरा, पण पापड लाटतात, बिबडे थापतात. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, मग दळायची. रात्री पीठ भिजवून ठेवायचं आणि पहाटे तीळ, लसूण, मिरची घातलेल्या आधणात शिजवायचं. घरोघरी थोडंफार निराळं. ते घोटणं मात्र येरागबाळ्याचं काम नाही. माझा दंड पाच मिनिटांत भरून आला आणि काकूंनी काही न बोलता काठी हातातून काढून घेतली.

हे सगळं पहाटे पाचला. कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेवायची सोय नसते. पारा ४५च्या आसपास गेला की फरशी तव्यासारखी होते. खाटेवर आईचं जुनं लुगडं अंथरलेलं. शेजारच्या चौघी पाण्यात बोटं बुडवून गरम गोळा थापत होत्या. मधून बोटांवर फुंकर, मधून कुणाच्या तरी सुनेची चौकशी. उद्या यांच्या गच्चीवर, परवा त्यांच्या.

मला वाटीभर घाटा मिळाला. म्हणजे तेच शिजलेलं पीठ, वर कच्चं शेंगदाणा तेल. जीभ पोळली. वाटी चाटूनपुसून झाल्यावर लक्षात आलं, खाताना मोबाइल बघितलाच नव्हता.

मग आईनं हातात काठी दिली. "आठे बठ आन् कावया हाकल." (आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, केळीच्या जिल्ह्यात केळीलासुद्धा 'केयी'च म्हणतात.) हुद्दा राखणदाराचा. जिन्याच्या टोपीची वीतभर सावली होती, तिच्यात अंग चोरून बसलो.

बिबडं वाळताना कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. आधी चकाकी जाते. मग कडा फिकट होतात आणि कापडावरून किंचित उचलल्या जातात; मधला भाग अजून ओलाच, बोटांचे ठसे तसेच. कुणाच्या बोटांचे, तेही ओळखू यायला लागलं. काकूंचे खोल, आईचे नुसते टेकल्यासारखे.

ऑफिसात मी अठरा महिने एकाच प्रोजेक्टवर होतो. ते संपलं की नाही, हे आजही कुणाला ठामपणे सांगता येणार नाही. इथं साडेआठला काकूंनी पातेलं खरवडलं, शेवटचं इवलंसं बिबडं थापलं, हात धुतले. संपलं. राहिलेलं काम उन्हाचं.

दहाच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. सुट्टीवर असताना उचलायला नको होता, पण हात सवयीनं गेला. "हो सर, बघतो सर" म्हणेपर्यंत कावळा कोपऱ्यातलं एक बिबडं घेऊन समोरच्या टाकीवर बसलाही होता.

आई चार वाजता वर आली. कापड उलटं केलं, मागून पाण्याचा हबका मारला आणि बिबडे अलगद सोडवायला लागली. एक अर्धओलं बिबडं मूठभर शेंगदाण्यांबरोबर माझ्या हातात ठेवलं. रिकाम्या जागेवर तिची नजर गेलीच.

"कावया आल्ता?"

"फोन आल्ता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या गच्चीवर काठी मिळाली, पण मोबाइल आधी खाली ठेवून घेतला.