फुलपाखरांची पेटी रिकामी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी 'आता नियम बदललेत हो' म्हणून वेळ मारून नेते.

प्रश्न ठरलेला आहे. 'बाई, आम्हाला फुलपाखरं धरायला मच्छरदाणीच्या जाळ्या शिवायला लावल्यात, मधल्या सुट्टीत रुईच्या झुडपांमागं पळवलंत, आणि आमच्या पोरांना साधा नाकतोडा डबीत घालू देत नाही. असं का?' विचारणारे माझेच जुने विद्यार्थी, आता पालकसभेला येतात. नवे शिक्षकही विचारतात, कारण प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या झाकणाची ती पेटी अजून आहे. थर्माकोलवर टाचण्यांची भोकं आहेत, कोपऱ्यात विरघळत आलेली डांबरगोळी आहे, आणि बाकी काही नाही. एकानं तर 'बाईंनी माळ घातली वाटतं' म्हणून मोकळं व्हायचं ठरवलं. नाही हो. मी मटण खाते, आणि घरात झुरळ दिसलं की आधी चप्पल शोधते.

आधी माझी बाजू. आमची शाळा माणदेशातली. पाऊस बेताचा. आवारात कडुलिंब, बाभळी, कुंपणाला रुई आणि घाणेरी. 'इथं काय सापडणार?' असं मी रुजू झाले तेव्हा मुख्याध्यापकच म्हणाले होते. त्याच आवारात पोरांनी मुंग्यांच्या नऊ तऱ्हा वेगळ्या काढल्या. नावं आम्हाला तीनचीच देता आली, पण वेगळेपण त्यांना दिसलं. मृगाचा किडा कागदावर ठेवून पाय मोजले तेव्हा वर्गात भांडणच लागलं. पाय आठ भरले. म्हणजे तो कीटक नाही, कोळी-गोचिडांच्या भावकीतला. 'मग किडा कशाला म्हणायचं?' असं एक मुलगी तावातावानं विचारत होती. पुस्तकातलं वर्गीकरण आणि गावातलं नाव यांचं जमत नाही, हे तिला हातात घेतल्यावर कळलं, फळ्यावरून कळलं नसतं. त्या पेटीची मला लाज वाटत नाही.

निदान तिच्यातल्या सगळ्याची नाही.

2004 सालची गोष्ट. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. मी वर्गात लेबलं चिकटवत बसले होते. आठवीतला एक मुलगा आला. शाळा सुटली की शेरडं राखायचा, वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर धरलेले. आत फुलपाखरू होतं. तांबूस-नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरे पट्टे. रुईवर नेहमी दिसणारं प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा. पेटीत पाच होती.

"बाई, ह्ये रुईवरचं न्हाई," तो म्हणाला. "ह्ये घोळीवर अंडी घालतंय. आन् ह्येला मागच्या पंखावर ठिपका येकच हाय."

मी मान वर केली का? केली असेन. मला माहीत होतं की बिबळ्या कडव्याच्या नराला मागच्या पंखावर चार ठिपके असतात आणि मादीला तीन. तेवढ्या भांडवलावर मी त्याला सांगितलं, "ठिपके कमी-जास्त असतात रे. टायगरच आहे. पण पंख चांगले आहेत, दे."

मग मी ते घेतलं. मुलांना शिकवलं होतं तसंच, पंख मिटून, छातीपाशी चिमटीत धरून दाबायचं. फार जोर लागत नाही. बोटाला एक बारीक कट् असं जाणवतं, आवाज होत नाही. तो बघत होता. मी टाचणी लावली, कागदाच्या पट्ट्यांनी पंख पसरले आणि खाली सुबक अक्षरात बिबळ्या कडव्याचं शास्त्रीय नाव लिहिलं: डॅनॉस क्रिसिपस.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून कॉलेजातले एक प्राध्यापक होते. पेटीपाशी ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, नंबर आला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, ही डॅनेइड एगफ्लायची मादी आहे." म्हणजे छोटा चांदवा. ही मादी बिबळ्या कडव्याचं सोंग घेते. रुईच्या चिकावर वाढल्यामुळं तो पक्ष्यांना कडू लागतो, ही घोळीवर वाढते आणि नुसत्या रंगावर निभावून नेते. तिचा नर वेगळाच दिसतो, काळा, पंखांवर पांढरे चांदवे. तो माझ्या पेटीत होता, तीन बोटं पलीकडं, आणि त्याला मी मोठा चांदवा म्हणून बसवला होता. एकाच जातीची दोघं, दोन चुकीच्या पाट्या लावून. वर ही जात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होती, वाघाच्या यादीत. पकडणं हाच गुन्हा. "काढून ठेवा," एवढंच ते म्हणाले.

इथपर्यंतची गोष्ट मी पूर्वी एकदोघांना सांगितली आहे. पुढची नाही.

मी म्हणाले, "मुलांनी लेबलं लावलीत सर. त्यांची चूक झाली."

मुलगा माझ्या उजव्या हाताला उभा होता. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून पेटीकडंच बघत राहिला. प्राध्यापकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नीट बघायचं, काय?"

नीट बघणारा तिथं तो एकटाच होता.

जीपमधून परत येताना त्याला काहीतरी बोलावं असं मनात होतं. नाही बोलले. दुसऱ्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली. आता पिकअप चालवतो, रस्त्यात भेटला की गाडी हळू करून "बरं हाय का बाई?" म्हणतो. पेटी रिकामी का, हे सगळे विचारतात. तो विचारत नाही.

म्हणजे कायद्याच्या भीतीनं मी थांबले का? थोडी. फुलपाखराच्या दयेनं? खरं सांगायचं तर फारशी नाही. जाळीत सापडतात त्याहून कितीतरी जास्त सरडे आणि कोतवाल पक्षी खातात. मी थांबले कारण त्या चिमटीत आणि त्या खोट्यात मला एकच घाई दिसते. पेटी भरायची घाई.

पण हे लिहितानाच 2004 मधली मी मध्ये बोलते: अगं, टाचणीवर होतं म्हणून तर त्या सरांनी ठिपके मोजले! उडून गेलं असतं तर चूक जन्मभर राहिली असती. आणि ते खरं आहे. बारक्या माश्या-भुंगेऱ्यांची जात आजही भिंगाखाली धरल्याशिवाय सांगता येत नाही, नमुने लागतातच. मी तिला म्हणते, त्या पोराला टाचणीशिवाय कळलं होतं. ती म्हणते, असं पोरगं वर्गात एक असतं, बाकीच्या चाळीसांचं काय? यावर माझ्याकडं उत्तर नाही.

आता आम्ही सुतळीनं मीटरभराचा चौकोन आखतो, आत काय हलतं ते वहीत उतरवतो. प्रत्येकाचं एक झाड ठरलेलं, आठवड्याला पालवी, फूल, फळ लिहायचं. कुणाच्या घरून फोन आला तर फोटो काढून ॲपला विचारतो. ॲप नाव सांगतं आणि पोरं पुढं निघतात, ठिपके मोजायला थांबत नाहीत. हेही मला दिसतं.

गेल्या सोमवारी पाचवीतल्या मुलीनं डबीतून अळी आणली. काळी, अंगभर काटे. घोळीवर सापडली म्हणाली. मी सवयीनं म्हणाले, जिथली तिथं ठेवून ये. ती म्हणाली, "मग तिचं काय होतं ते मला कसं कळणार?"

डबी माझ्या टेबलावर आहे. झाकणाला भोकं पाडली आहेत. घोळ रोज ताजी आणायची, एवढंच तिला सांगितलंय.