राखणदार शब्द

विकेटकीपर विकेट ‘ठेवत’ नाही. ती काही तो खिशात घालून घरी नेत नाही. तिच्यामागे ओणवा बसतो आणि चेंडूवरची नजर हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. मराठी समालोचनात त्याला ‘यष्टिरक्षक’ म्हणतात, ते अगदी नेमकं आहे. ‘कीप’ म्हणजे ठेवणे, हा शाळेत घोकलेला अर्थ. पण या शब्दाच्या आयुष्यात तो मागाहून आला. आधी होती ती राखण.

हा शब्द इंग्रजी लिखाणात इ.स. १०००च्या आसपास ‘केपन’ या रूपात दिसू लागतो आणि येतो तोच चार-पाच अर्थांचं गाठोडं घेऊन: टेहळणे, वाट पाहणे, दबा धरून बसणे, पकडणे, लक्ष देणे. जर्मन, डच या सख्ख्या भावंडांत त्याचा खात्रीचा जोड सापडत नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांचा तर्क असा, की तो लोकांच्या तोंडी आधीपासून असणार, फक्त लिहिणाऱ्यांच्या पंगतीत त्याला पान मांडलेलं नव्हतं. मला हा तर्क पटतो. नवा शब्द एका अर्थानं येतो. इतके अर्थ एकदम घेऊन येतो तो वापरून वापरून मऊ झालेलाच असतो.

जुनं इंग्रजी वाचताना इथे पहिली ठेच लागते. तेव्हा या शब्दाचं पहिलं अक्षर ‘सी’ होतं. त्याच्यापुढे ‘ई’ दिसली की आपण ‘सेपन’ किंवा ‘चेपन’ वाचतो, दोन्ही चूक. त्याच्याही आधीच्या काळात मूळचा ‘ए’, ‘इ’ पुढे आला की ‘क’चा ‘च’ होई. बाजार, सौदा या अर्थाच्या शब्दाचं ‘चीप’ झालं ते असंच. ‘केपन’मधला ‘क’ मात्र तगला. त्यावरून भाषाशास्त्रज्ञ ताडतात, की त्यातला ‘ए’ मूळचा नव्हे. आधी तिथे ‘ओ’ असावा आणि ‘क’चा ‘च’ होण्याची लाट ओसरल्यावर त्याचा ‘ए’ झाला असावा. पुढे फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन वळणाच्या लेखनिकांना ‘सी’पुढे ‘ई’ आली की ‘स’ वाचायची सवय, म्हणून घोटाळा टाळायला ‘के’ हे अक्षर आलं.

दुसरी ठेच उच्चाराची. चौदाव्या शतकात हा शब्द ‘केप’ होता, लांब ‘ए’चा. पुढच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीतले लांब स्वर एकेक पायरी वर सरकले आणि ‘केप’चा ‘कीप’ झाला. भूतकाळाचं रूप या गडबडीत सापडलं नाही, कारण ‘प्ट’ या जोडव्यंजनापुढे त्यातला स्वर आधीच आखूड झाला होता, आणि सरकले ते लांब स्वर. म्हणून आजही ‘कीप’, पण ‘केप्ट’. जुना स्वर ज्यानं राखला त्याचा अर्थच ‘राखलेलं’ असावा, हा योगायोग मोठा गोड आहे.

चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या इंग्रजीत ‘टेक कीप’ असा प्रयोग येतो. घ्या आणि ठेवा, असा त्याचा अर्थ लावला की वाक्य कोसळतं. त्याचा अर्थ ‘लक्ष द्या’, ‘ध्यानात घ्या’. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्याच्या प्रास्ताविकात गावच्या पाद्र्याच्या तोंडी आहे, की पाद्र्यानं ध्यानात घ्यावं, मेंढपाळ घाणीनं माखलेला आणि मेंढरं स्वच्छ, ही लाजेची गोष्ट. तिथे ‘कीप’चं यमक ‘शीप’शी जुळवलंय. त्याच पाद्र्याबद्दल थोडं पुढे सांगितलंय, की तो घरी राहून आपला मेंढवाडा नीट ‘राखी’, म्हणजे लांडग्याचं फावत नसे. क्रियापद तेच. मेंढरं त्याच्या मालकीची नव्हतीच, डोळ्याखालची होती.

मराठीत या एका शब्दाचं काम चौघांत वाटलेलं आहे. पैसे ठेवायचे, शेत राखायचं, शब्द पाळायचा, पोर सांभाळायचं. इंग्रजाला चारही ठिकाणी ‘कीप’ चालतो. आपला गुराखी राखणाऱ्यांतला आणि मेंढपाळ पाळणाऱ्यांतला. त्यामुळे मध्ययुगीन इंग्रजीचं मराठी करताना ‘ठेवणे’ सगळ्यात शेवटी वापरून पाहावं. सण, उपवास, आज्ञा, वचन आलं की ‘पाळणे’. कळप, दार, किल्ला आला की ‘राखणे’. बायबलमधला काईन भावाला मारतो आणि देवानं भावाबद्दल विचारलं की उलट विचारतो, ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे का?’ तिथे चौदाव्या शतकातला इंग्रज धर्मसुधारक विक्लिफ याच्या परंपरेतल्या भाषांतरातही ‘कीपर’च आहे.

किल्ल्याच्या आतल्या भक्कम बुरुजालाही इंग्रजीत ‘कीप’ म्हणतात. आपल्या बालेकिल्ल्याचा हा चुलतभाऊ. पण हे नाव रुळलं सोळाव्या शतकात. ज्यांनी ते बुरुज बांधले, ते त्यांना ‘दोंजों’ किंवा लॅटिनमध्ये नुसतं ‘तुरिस’ म्हणत. त्याच ‘दोंजों’चं पुढे ‘डंजन’ होऊन तळघरातली कोठडी झाली. माथ्यावरचा शब्द थेट पायाखाली गेला! ‘कीप’ तिथे कसा पोचला, यावर एक मत मजेदार आहे: फ्रान्समधल्या कॅलेजवळच्या गीनच्या किल्ल्यातला गोल बुरुज पिंपासारखा दिसे, म्हणून १३७५-७६च्या सुमारास त्याला ‘किप’ म्हणजे टोपली, पिंप असं नाव पडलं. तसं असेल तर राखण्याशी त्याचं नातं पुढे लोकांनी जोडलं.

केंटमधल्या रॉचेस्टरचा बुरुज या जातीतला नमुनेदार. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री यानं ११२७ मध्ये हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपच्या राखणीत दिला आणि त्यानंतर चौकोनी बुरुज उभा राहिला, सुमारे ३४ मीटर उंच. आत मधोमध आडवी भिंत आणि तिच्यातच विहिरीची उभी पोकळी, म्हणजे प्रत्येक मजल्यावर पाणी शेंदता येई. १२१५ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजानं वेढा घातला, आग्नेय कोपऱ्याखाली भुयार खणून लाकडी टेकू दिले आणि खाण्याच्या कामाची नसलेली चाळीस लठ्ठ डुकरं मागवली. त्यांच्या चरबीनं टेकू जळाले, कोपरा ढासळला. आतले लोक मधल्या भिंतीपलीकडे सरकून लढत राहिले आणि अखेर नोव्हेंबर सरताना शरण आले. कोपरा नंतर पुन्हा बांधला तो गोल. आजही तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.