आमची वाटचाल : मोडीच्या पोत्यातून निघालेला वाडगा

भुसावळच्या बाजारात वडिलांचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते आणि जोडीला मोड घेण्याचा व्यवहार चाले. १९९४ च्या उन्हाळ्यात मोडीच्या एका पोत्यातून निळ्या फुलांचा, वर चकचकीत कड बसवलेला चिनी मातीचा वाडगा निघाला. चांदी समजून तो सराफाकडे नेला, तर कड जर्मन सिल्व्हरची ठरली. नावात चांदी असली तरी हा धातू तांबे, जस्त आणि निकेल यांचा, चांदी काय ती वरच्या मुलाम्यापुरती. "कड मोडीत टाक आणि वाडगा दह्याला ठेव," असे वडील म्हणाले. ते मी ऐकले नाही. मात्र पितळेसारखी चिंच लावून, राखेने घासून मुलामा स्वतःच्या हाताने घालवला. तो वाडगा अजून दुकानात आहे आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

अशा कड बसवलेल्या वाडग्यांची खरी गंमत अशी, की वाडगा एका कारखान्याचा आणि कड दुसऱ्याची असते. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी घडवलेल्या वाडग्याला बर्मिंगहॅम किंवा शेफिल्डची कड बसे, त्यामुळे दोन्हींवरचे शिक्के वेगवेगळे वाचावे लागतात. कडेवर 'ईपीएनएस' (जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा) ही अक्षरे असली, तर ती १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतल्यानंतरची. बुडाशी 'इंग्लंड' असेल, तर वाडगा बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. दोन्ही काळ जुळले नाहीत, की कड मागाहून बदलल्याची शंका घ्यावी.

कडेखाली पुष्कळदा प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेले असते. ते पाण्याने भुसभुशीत होते, शिवाय उष्णतेने धातू चिनी मातीपेक्षा जास्त प्रसरण पावतो. आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की सैल कडा खुळखुळू लागतात. म्हणून आम्ही वाडगा पाण्यात बुडवत नाही, कड धरून उचलत नाही.

शंभर वर्षे ओलांडलेली अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष, म्हणजे प्राचीन वस्तूंच्या, कायद्याखाली येऊ शकते. तिच्या विक्रीला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. १९२० नंतरच्या दशकातला माल आता एकेक करून ती रेषा ओलांडत असल्याने, मुलीने नोंदवहीत अंदाजे सालाचा वेगळा रकाना आखला आहे.