हातातल्या पिशवीत चार

"बाई, लेकीकडं जाताना विमानात वाचायला किती पुस्तकं नेता हो?" वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्या बहुतेक माझ्याच वयाच्या. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, जर्मनीत. पासपोर्ट नुकताच हातात आलेला, आणि एवढ्या लांबचा प्रवास पहिल्यांदाच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. चार. हातातल्या पिशवीत चार, त्याहून कमी नाहीत.

चार का, हे मला पहिल्या प्रवासानं शिकवलं. लेक शिकागोजवळ राहते. सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून, मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून शिकागो असं आमचं तिकीट होतं. मी हिशेब केला तो फक्त आकाशातल्या तासांचा. फ्रँकफर्टपर्यंत साधारण 9, पुढचे साडेनऊ, त्यातून झोप वजा. एक कादंबरी पुरेल असं वाटलं. बाकीची सहा पुस्तकं मोठ्या बॅगेत घातली आणि ती बॅग सांबऱ्यालाच काउंटरवर दिली. मुंबईतलं थांबणं हिशेबात धरलंच नव्हतं. परदेशी विमानं तिथून बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि आम्ही दुपारीच पोचलेलो. रात्री दहाच्या सुमारास कादंबरीचं शेवटचं पान उलटलं.

विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. भिंतभर पुस्तकं, सगळी इंग्रजी. फ्रँकफर्टला इंग्रजी आणि जर्मन. मला इंग्रजी वाचता येतं, त्या भाषेवर माझा राग नाही. पण थकलेल्या जिवाला टेकायला आपलीच भाषा लागते. शेवटी दशम्या ज्या कागदात बांधल्या होत्या तो सोडवला. 'तरुण भारत'चं पान होतं. खानापूरकडच्या पावसाची बातमी, मार्केट यार्डातला बटाट्याचा भाव, निधनवार्ता, भाड्यानं खोली देणे आहे, सगळं वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. ज्या माणसांना मी ओळखत नव्हते त्यांच्या निधनवार्ता वाचून त्या रात्री डोळे भरून आले, ते अजून आठवतं.

इंग्रजी वाचणाऱ्याचं पुस्तक संपलं तर त्याला वाटेत दुसरं मिळतं. आपल्याला मिळत नाही, म्हणून आपण घरातूनच न्यायचं. खरं तर सीमाभागातल्या वाचकाला हे नवीन नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं, आणि ते पाचवीतच वाचून झालं होतं. बाबा शनिवारच्या बाजाराला बेळगावला जायचे, तेव्हा पिशवीत भाजीवर एखादं पुस्तक असायचं. पुढच्या शनिवारपर्यंत ते पुरवायचं. रोज किती पानं, हे मी तेव्हापासून मोजत आले.

वजनाचं म्हणाल तर, हातातल्या सामानाला साधारण 7 ते 8 किलोची मर्यादा असते, ती तिकिटावर बघून घ्या. मी पुस्तकं गल्लीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर घातली. दोनशे पानांचं साधं पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे चार मिळून एक किलो. लेकीसाठी जेवढा कुंदा नेतो तेवढंच! आमचे हे दरवेळी म्हणतात, "पुस्तकं मोठ्या बॅगेत टाक की, खांदा दुखतोय म्हणतीस." मी ऐकत नाही. कुंदा, मेतकूट, चटण्या मोठ्या बॅगेत जातात. पुस्तकं माझ्याजवळ.

आता कुठली चार. जाडजूड कादंबरी नको, हे मी आग्रहानं सांगते. जेवण झालं की दिवे मंद करतात, खिडक्या झाकायला लावतात. मग अर्धा-पाऊण तास झोप, जाग, पाणी, पुन्हा डुलकी. अशा तुटक जागरणात कादंबरीतली माणसं हातातून निसटतात, चार पानं मागं जाऊन शोधावी लागतात. कथा बरी. एका जागेपणात एक पुरी होते. म्हणून एक कथासंग्रह, एक प्रवासवर्णन किंवा आठवणींचं पुस्तक, एक कवितांचं बारीक पुस्तक. आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं, आधी वाचलेलं आवडतं पुस्तक. समोरच्या पडद्यावर विमान ग्रीनलंडच्या आसपास दिसत असतं, पाय सुजलेले असतात, घरी किती वाजले असतील तेही कळत नाही. तेव्हा नवीन काही डोक्यात शिरत नाही. ओळखीचं वाक्य मात्र डोक्यावर हात फिरवतं.

दिवाळी अंक न्यावासा वाटतो, कारण त्यात सगळंच असतं. पण त्याचा गुळगुळीत कागद जड, आणि दोन रकान्यांतली बारीक अक्षरं सीटवरच्या दिव्यात आमच्या वयाला दिसत नाहीत. कुठलंही पुस्तक निवडताना संध्याकाळी मंद दिव्याखाली दोन पानं वाचून बघा.

फोनवर किंवा ई-रीडरवर नेणार असाल तर घरूनच उतरवून घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. पण कितीतरी जुनी मराठी पुस्तकं त्यात मिळतच नाहीत, म्हणून माझा भरवसा कागदावर.

माझी बरीचशी प्रवासातली पुस्तकं आपल्याच गावांत घेतलेली असतात. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या स्टॉलवर बारीक, हलकी पुस्तकं दिसली की घेऊन ठेवते आणि प्रवासापर्यंत उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी फ्रँकफर्टला अशातलंच एक वाचत बसले होते. शेजारून आवाज आला, "काय वाचूलालाय हो?" ते बोलणं ऐकून मान वर केली. निपाणीकडच्या बाई, एकट्याच निघालेल्या, जवळ वाचायला काही नव्हतं. कथासंग्रह निम्मा राहिला होता. तो त्यांना दिला आणि मी कविता उघडल्या.

परतीचंही आधी ठरवा. चारातलं एक मी न वाचता तसंच ठेवते, येताना लागतं म्हणून. गेल्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री लेकीनं ते बॅगेतून काढून हातात घेतलं. "आई, हे राहू दे ना इथं," म्हणाली. ठेवून आले. आता पाचवंही घेते, ते तिचं.