मिशनच्या ट्रेनिंगमध्ये पडकी देवळं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसं दर वर्षी चर्च कमिटीत कुणी ना कुणी विचारतंच, आणि प्रश्न ठरलेला: "मिशनच्या पुढाऱ्यांचं ट्रेनिंग मेक्सिकोत, ठीक आहे. पण अर्पणाच्या पैशातून दोन दिवस माया लोकांची पडकी देवळं बघायची? ही सहलच झाली की!"

आधी पैशांचं. मुक्काम युकातान राज्यातल्या मेरिदा शहरातच असतो, गाडी तीच, जेवण तेच. वाढतो तो तिकिटांचा खर्च. चिचेन इत्सा आणि उश्माल ही माया लोकांची जुनी शहरं, दोन्हीकडे माणशी दोन तिकिटं लागतात, एक केंद्र सरकारचं आणि एक राज्याचं. हे आधी सांगितलं नाही तर एकच तिकीट घेऊन मंडळी फाटकाशी जातात, तिथून परत फिरतात, आणि सकाळची थंड वेळ रांगेत जाते. ज्यांच्या पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तेवढी बचत.

दिशेप्रमाणे दोन दिवस पडतात. पूर्वेला इसामाल (सुमारे ७० किमी) आणि चिचेन (१२०), दक्षिणेला उश्माल (८०) आणि मानी गाव. चारही एका दिवसात कोंबले तर मानी गळते, आणि मानी गळली तर सहल म्हणणाऱ्यांचं बरोबर ठरतं. फाटक आठला उघडतं तेव्हा दारात हवं. साडेदहा-अकराला कानकूनहून पर्यटकांच्या बसेस येऊन थडकतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून माणशी ३ लिटर पाणी. उश्मालला नदी नाही, झरा नाही. पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदांत साठवून हे शहर जगलं, म्हणून भिंतींवर जिकडे तिकडे 'चाक' नावाचा लांब नाकाचा पाऊसदेव. बाटली रिकामी झाली की तो देव कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

एक नियम मी मोडू देत नाही. अवशेषांत उभं राहून मोठ्यानं प्रार्थना नाही, 'बंधनं तोडणं' नाही, सैतानाला धमकावणं नाही. तिथले रखवालदार, टोप्या विकणाऱ्या बाया माया बोलणाऱ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी स्वतः चर्चला जातात. त्यांच्या पणज्यांच्या अंगणात आपण भूत उतरवायला आलेलो नाही. "पण तिथं नरबळी देत होते ना?" देत होते. चिचेनच्या पवित्र विहिरीतून माणसांची हाडं निघाली आहेत. ते मी लपवत नाही. मानीत आपल्या मिशनऱ्यांनी जे केलं, तेही लपवत नाही.

मानी लहानसं गाव आहे. मधोमध सोळाव्या शतकातला फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्याशांचा एक संघ) मठ, समोर मोकळं पटांगण. मे १५६२ मध्ये गावाजवळच्या गुहेत दोन मुलांना मूर्ती आणि माणसांच्या कवट्या सापडल्या. लोक बाप्तिस्मा घेतलेले, म्हणजे हा धर्मत्याग ठरला. बिशप अजून पोचलेला नव्हता. फ्रान्सिस्कनांचा तिथला प्रमुख दिएगो दे लांडा यानं चौकशी हातात घेतली. मनगटं बांधून माणसाला वर टांगायचं, कबुली आली नाही तर पायांना दगड बांधायचे. मार थांबावा म्हणून लोक जुन्या पडक्या जागांतून मूर्ती शोधून आणून देऊ लागले. तीन महिन्यांत साडेचार हजारांवर लोकांचा छळ झाला, १५८ मेले. १२ जुलैला मूर्तींबरोबर माया लोकांच्या चित्रलिपीतल्या पोथ्याही जाळल्या. त्या जाळल्याचं लांडानं स्वतः लिहून ठेवलंय, आणि लोकांना त्याचं फार दुःख झालं, हेही. आज अशा पोथ्या जगात चार उरल्या आहेत.

आता मुद्दा. लांडा मिशनसाठी वाईट उमेदवार नव्हता. माया भाषा त्याला उत्तम येत होती. स्पॅनिश जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध तो या लोकांच्या बाजूनं उभा राहिला होता. हुआन कोकोम नावाच्या मायानं त्याला आपल्या आजोबांची पोथी उघडून दाखवली होती. तिच्यात हरणाचं चित्र होतं. मोठी हरणं येतील तेव्हा देवांची पूजा थांबेल, असं आजोबा सांगायचे. मग स्पॅनिशांच्या गायी आल्या. घरची पोथी माणूस कुणालाही दाखवत नाही. आपल्या अभ्यासक्रमात काय आहे? भाषा शिका, साधं राहा, गरिबाची बाजू घ्या, विश्वास मिळवा. लांडाकडे हे सगळं होतं. मग कमी काय पडलं? पटांगणात हा प्रश्न टाकून मी गप्प बसतो. नम्रता, कुणी म्हणतं. सत्ता नको होती, दुसरं कुणी म्हणतं. मला एकही उत्तर पुरत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिशप तोराल आला आणि त्यानं हे थांबवलं, तेही चर्चचंच माणूस. लांडाला स्पेनला जावं लागलं. तिथं त्यानं माया लोकांवर ग्रंथ लिहिला, निर्दोष सुटला आणि बिशप होऊन परतला. त्या ग्रंथातल्या लिपीच्या एका पानावरून सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोवला १९५२ मध्ये माया लिपीची किल्ली मिळाली. ते पान मी वाटतो. लांडानं स्पॅनिश अक्षर 'बे' कसं लिहायचं ते विचारलं, माया लिहिणाऱ्यानं पाऊलवाट काढली, कारण मायात 'बे' म्हणजे वाट. मग वाक्य लिहायला सांगितलं, तर त्यानं लिहिलं 'मा इन काती', मला नको.

हसू नका, आपल्याकडेही असंच आहे. लांडा १५७९ मध्ये मेला. त्याच वर्षी जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला. त्याचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, ते आपण अभिमानानं सांगतो. त्याच काळात गोव्यात देवळं पडत होती, आणि रामायण-महाभारताच्या कथा रोमी अक्षरांत उतरवून ठेवल्या त्या जेझुइटांनीच. ती हस्तलिखितं पोर्तुगालच्या ब्रागात आहेत.

पूर्वी मीही चिचेन शेवटच्या दिवशी ठेवायचो, बक्षीस म्हणून. पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५, फोटो, आईस्क्रीम. तेव्हा सहल म्हटलं असतंत तर वाद घातला नसता. आता दक्षिणेचा दिवस आधी असतो.

इसामालचा प्रश्न अजून तसाच आहे. तिथला पिवळा मठ जुन्या पिरॅमिडच्या चौथऱ्यावर बांधलाय आणि गावात लांडाचा पुतळा उभा आहे. त्याच्यासमोर ग्रूप फोटो काढायचा का, यावर दर वेळी गाडीत भांडण होतं. मी वीस मिनिटं थांबा ठेवतो. उतरायचं की नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. मी एकदा उतरलो, एकदा नाही.