तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी लहान बोट का?

नॉर्वेचे फोटो दाखवायला घेतले की तिसऱ्या-चौथ्या फोटोला प्रश्न येतोच. "सिस्टर, एवढे पैसे घालून गेलात, मग मोठी क्रूझ का नाही घेतलीत? हिच्यावर तर काहीच दिसत नाही." हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतले विचारतात, परवा नणंदेच्या नातवानेही विचारलं. "मला आवडते लहान बोट" एवढं म्हणून मी पुढचा फोटो काढते. ते उत्तर अपुरं आहे, म्हणून आज नीट सांगते.

मी 31 वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. कुठे बेल वाजली की अजूनही माझं अंग आपोआप उठतं, आधी पाय जमिनीला लागतात आणि मग जाग येते. निवृत्त झाल्यावर बहिणीच्या कुटुंबाबरोबर भूमध्य समुद्रात मोठ्या जहाजाने गेले होते. चार हजारांच्या वर प्रवासी. जहाज देखणं होतं, माणसं अगत्याची होती, मुलांची तर चंगळ झाली. पण दिवसभर स्पीकरवर काही ना काही पुकारत: आता अमुक मजल्यावर हे, तमुक मजल्यावर ते. प्रत्येक वेळी माझे कान टवकारायचे. सँटोरिनीला समुद्र इतका खोल की जहाज धक्क्याला लागतच नाही, छोट्या होड्यांतून उतरावं लागतं. आमच्या गटाचा नंबर यायला दीड तास गेला. वर चढायच्या केबल कारला पुन्हा रांग. आठ दिवसांनी घरी आले ती दमून. त्यात दोष कुणाचाच नव्हता. इतकी माणसं एका वेळी उतरायची म्हणजे रांग लागणारच. 2024 साली निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 365 मीटर लांब आहे, पूर्ण भरलं तर त्यावर 7,600 प्रवासी मावतात. तिथे तुमची करमणूक करणं हेच जहाजाचं काम असतं. मला नेमकी त्याच्यापासून सुट्टी हवी होती.

मग नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बोटी सापडल्या. बर्गनहून निघून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाता-येता 12 दिवस, वाटेत 34 बंदरं. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने 1893 साली ही सेवा सुरू केली. त्याआधी त्रोनहाइमहून हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिने. किनारा खडकांचा, दीपस्तंभ मोजके, म्हणून रात्री बोट हाकारायला कुणी धजत नसे. विथने आधीपासून होकायंत्र आणि घड्याळ लावून मार्गाच्या नोंदी करून ठेवल्या होत्या, त्यांच्या भरवशावर तो अंधारातही निघाला. 2 जुलै 1893 ला त्याची 'वेस्तेरोलन' त्रोनहाइमहून सुटली आणि 67 तासांत हामरफेस्टला लागली.

हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. ते मालवणचे. मुंबईला नोकरीला होते तेव्हा सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायचे. मालवणला खडकांमुळे बोट लांबच उभी राहायची, सामानसुमान, पोरंबाळं सगळी पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायची. पावसाळ्यात सेवा बंद. ती बोट कुणी सहल म्हणून घेत नसे. तिच्यातून माणसं आणि गाठोडी गावी जायची. मी त्या बोटीत कधी बसले नाही. कळत्या वयापासून आमची वाट एस.टी.ची.

माझी बोट साधारण 120 मीटर लांब, साडेचारशे-पाचशे माणसांची. पहिल्याच सकाळी कळलं की हिला तिचं स्वतःचं काम आहे. बंदर आलं की बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट ये-जा करतात, खोकी उतरतात, खोकी चढतात. ओर्नेससारख्या गावात दहा मिनिटांचा थांबा. एक मुलगा सायकल घेऊन चढला आणि पुढच्या बंदराला उतरला. एक आजी कुंड्या घेऊन चढल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि खिडकीशी बसून पेंगल्या. मी असले काय आणि नसले काय, बोट वेळेवर सुटणारच होती. एखाद्या गोष्टीसाठी आपली गरज नसणं इतकं सुखाचं असू शकतं, हे मला साठी उलटल्यावर समजलं.

लहान असल्याने ती आत शिरू शकते, हे दुसरं. लोफोतेन बेटांजवळ ट्रोलफ्योर नावाची एक अरुंद खाडी आहे. तोंडाशी रुंदी जेमतेम 100 मीटर, म्हणजे आमच्या बोटीच्या लांबीपेक्षा कमी. जूनमध्ये रात्री अकराला आम्ही आत गेलो तेव्हा लख्ख उजेड होता. तिथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, पाण्याचे ओघळ इतके जवळ की त्यांचा आवाज ऐकू येत होता. आतल्या रुंद भागात बोट जागच्या जागी हळूहळू वळली. डेकवर शंभरेक माणसं असतील, कुणी बोलत नव्हतं. हे वर्णन मी कितीही केलं तरी फोटोत ते येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी खरं खरं. दिवसाचा हिशेब केला तर लहान बोट महाग पडते. मोठ्या जहाजाचा खर्च हजारोंमध्ये वाटला जातो, इथे तसं नाही. कॅबिन छोटी. संध्याकाळी नाचगाणी नाहीत, लहान मुलं कंटाळतील. मासे भरपूर मिळतात, पण शाकाहारी असाल तर आधीच कळवून ठेवा. आणि लहान बोट जास्त हलते. बऱ्याच ठिकाणी बेटांच्या आडोशाने जाते तेव्हा काही वाटत नाही, पण वेस्टफ्योर नावाचा पट्टा ओलांडताना उघडा समुद्र लागतो. तिथे मला बोट लागली, चांगलीच लागली. कॅबिन शक्यतो खालच्या मजल्यावर आणि मधोमध घ्या, हेलकावे तिथे सगळ्यांत कमी. गोळी आधी घ्या, एकदा मळमळायला लागलं की ती पोटात टिकत नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि नजर क्षितिजावर ठेवा.

एक भीती मात्र मला निघण्याआधी होती: रात्रीच्या थांब्यांची. बोट मध्यरात्रीही बंदराला लागते, दारं उघडतात, साखळ्या वाजतात. माझी झोप कशी लागणार?

हामरफेस्टच्या आधी ओक्सफ्योर नावाचं एक बंदर आहे. तिथे बोट रात्री दोनला लागली. खडखडाट झाला आणि सवयीने माझे पाय जमिनीला लागलेच. पडदा सारून पाहिलं. पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं धक्क्यावर उभी होती, तिसरा फोर्कलिफ्टवर. एकाने हातातल्या कागदावर खूण केली, दुसऱ्याने जांभई दिली. त्यांची रात्रपाळी होती. दहा मिनिटांत दार बंद झालं आणि धक्का मागे सरकायला लागला. मी पडदा ओढून घेतला, पांघरुणात शिरले आणि सकाळी नाश्त्याची वेळ संपायला आली तेव्हा उठले.