राजीखुशीने

दादाने व्हॉट्सॲपवर कागदाचा मसुदा पाठवलाय. त्यात माझ्या नावापुढे ‘वारस’ लिहिलंय आणि त्याच वाक्यात तो हक्क मी ‘राजीखुशीने’ सोडते, असंही. "फक्त सही गं, फॉरमॅलिटी," म्हणाला.

तेव्हापासून काहीतरी सलतंय. कुळागर, म्हणजे आमची पोफळी-माडांची बाग, मला नकोच आहे. नारळ काढायला पाडेली मिळत नाही, पावसाच्या आधी पोफळींवर बोर्डोचं औषध मारायला माणूस नाही, वांदर शहाळी ठेवत नाहीत. हे सगळं दादा नि वहिनी निस्तरतात, मी नाही. मग लागलं कुठे? मला कुणी विचारलंच नाही, तिथे बहुतेक.

रात्री झोप येईना म्हणून शब्दकोश घेऊन बसले. वारसा अरबीतून आलेला. मिरासही त्याच धातूतला. देशावरचे मिरासदार ते हेच. संस्कृतात दाय, आणि त्याचा वाटेकरी दायाद. आपण कोकणीत दायज म्हणतो ते ह्याच कुळातलं. पोर्तुगीज पात्रिमोनियू तर सरळ ‘पातेर’वरून, म्हणजे बापावरून. आईवरून काही आहे का म्हणून शोधलं, तर मात्रिमोनियू. लग्न! बापाकडे इस्टेट नि आईकडे लग्न. एकटीच हसले.

कायदा मात्र गोव्यात शब्दांपेक्षा बरा. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून मुलगा-मुलगी सारखे, आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायको अर्धे-अर्धे धनी. इतरत्र सगळ्याच हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क यायला २००५ उजाडलं. आमच्या आत्यांनाही हा हक्क होताच. धाकट्या आत्याने सही केली, थेट परसात गेली नि मिरीच्या वेलाचे चार तुकडे पिशवीत घालून घेऊन गेली. तिला तरी कुणी विचारलं होतं?

आई असती तर... जाऊ दे.

मला काय हवंय, सांगू? आदोळी, नारळ खवायची विळी. बसायची फळी मधोमध खोलगट झालेली, डाव्या अंगाचे दाते झिजून गुळगुळीत, कारण आई नारळ नेहमी त्याच बाजूने फिरवायची. वहिनीकडे मिक्सर आहे, आदोळी माळ्यावर पडलीय. मागितली तर ती आनंदाने देईल. पण मागायचं कशाला, विचारा ना!

आज ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे माझीपण सही लागणार?" लागणार. माहेरच्या फणसात सासरचा अर्धा गरा. पोफळ नि माड लांबून ओळखता येत नाही ह्या माणसाला, पण संध्याकाळपासून भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या थाटात फिरतोय. चहासुद्धा दारापुढच्या बाल्कांवात मागितला.

आणि आत्ताच दादाचा त्यांना वेगळा फोन आला: "भावजी, तुमची सोय बघून फोंड्याला कधी जायचं ते ठरवूया."

सोमवार सोडून मला कुठलाही दिवस चालेल.